प्रकल्प कुणी लिहिला? पदवीच्या वर्गात एआय जबाबदारीने वापरण्याची एक पद्धत

दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या वर्षाच्या अर्थशास्त्राच्या वर्गाला मी रोजगार हमी योजनेवर प्रकल्प करायला दिला. ६४ विद्यार्थी, तालुक्याच्या गावातलं महाविद्यालय, निम्म्याहून जास्त मुलं आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणारी. सबमिशनच्या दिवशी स्पायरल बाइंडिंगचे गठ्ठे टेबलावर आले. पाच-सहा प्रकल्प वाचले आणि थांबले. सगळीकडे 'ग्रामीण अर्थव्यवस्थेचे सक्षमीकरण', सगळीकडे 'बहुआयामी दृष्टिकोन', शेवटी 'आव्हाने आणि संधी'. शुद्धलेखनाची एक चूक नाही. ह्याच मुलांच्या उत्तरपत्रिका मी तीन वर्षं तपासत आले होते. ही भाषा त्यांची नव्हती.

दोघांना वेगवेगळं बोलावलं. पहिल्याला विचारलं, तुझ्या गावात रोजगार हमीतून काय उभं राहिलं? रस्ता, पाझर तलाव, विहीर, काहीही सांग. तो खाली बघत राहिला. प्रकल्प त्याने एका बैठकीत मोबाइलवर बनवून घेतला होता आणि छापायच्या आधी वाचलाही नव्हता.

दुसऱ्या मुलीचा प्रकल्पही हुबेहूब तसाच होता. तिने मात्र पिशवीतून एक वही काढली. आजीशी बोलून पेनाने लिहिलेली दहा पानं. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची, कामावर सुकडी, म्हणजे मजुरांना वाटला जाणारा कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची, तान्हं पोर झाडाला झोळी बांधून त्यात ठेवायची. ही दहा पानं तिने टाइप करून चॅटजीपीटीला दिली आणि 'प्रकल्पाच्या भाषेत लिहून दे' असं सांगितलं. आलेलं वाक्य होतं: 'दुष्काळकाळात महिलांनी विविध मदतकार्यांमध्ये सक्रिय सहभाग नोंदवला.' खडी गेली, सुकडी गेली, झोळी गेली. मी विचारलं, हे सगळं का काढलंस? ती म्हणाली, "मॅडम, मला वाटलं ते लिहिण्यासारखं नाही."

यंत्राने मुलांचं काम केलं म्हणून मला वाईट वाटलं नव्हतं. तिच्याकडे जे होतं ते अर्थशास्त्राच्या कुठल्याही क्रमिक पुस्तकात नव्हतं आणि ते तिनेच टाकून दिलं, ह्याचं वाटलं. ह्या दोघांना एकच नियम लावता येणार नाही हे उघड होतं, आणि माझ्याकडे तर एकही नियम नव्हता. खाली दिलेली पद्धत त्यानंतरच्या चार सत्रांत करून, मोडून, पुन्हा करून तयार झाली आहे. कला आणि वाणिज्य शाखेच्या वर्गांना ती जशीच्या तशी चालेल. विज्ञानाच्या जर्नलला (प्रयोगवहीला) थोडी वळवून घ्यावी लागेल.

पहिली पायरी: शिक्षकाने स्वतः अर्धा तास बसायचं

नियम करण्याआधी आपण दिलेला प्रश्न आपणच एआयला घालून बघा. गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका, अंतर्गत मूल्यमापनाचा स्वाध्याय, प्रकल्पाचा विषय, सगळं. उत्तराला तुम्ही किती गुण दिले असते ते प्रामाणिकपणे कागदावर लिहा. दहापैकी सात द्यावेसे वाटले, तर तो प्रश्न घरी करायला देण्याच्या लायकीचा उरलेला नाही. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सगळ्यांसाठी खुला झाला. त्याआधी तयार केलेले आपले बहुतेक स्वाध्याय ह्या चाचणीत पडतात. माझे पडले.

मग असा प्रश्न घाला ज्याचं उत्तर तुम्हाला पक्कं माहीत आहे आणि इंटरनेटवर फारसं नाही. आपल्या तालुक्यातलं धरण, जुना सहकारी कारखाना, गावची जत्रा. इथे यंत्राचा स्वभाव कळतो. ही साधनं माहितीच्या कपाटातून उत्तर काढून देत नाहीत. आधीच्या शब्दांवरून पुढचा संभाव्य शब्द कोणता ह्याचा अंदाज बांधत वाक्य विणत जातात. जिथे यंत्राला शिकवताना वापरलेला मजकूर भरपूर, तिथे अंदाज बहुधा बरोबर येतो. जिथे मजकूर विरळ, तिथेही वाक्य तितक्याच ठाम आवाजात येतं. आता अनेक साधनं उत्तरासोबत इंटरनेटवर शोधही घेतात, त्याने फरक पडतो. पण शोधून आणलेल्या पानात ते वाक्य खरंच आहे का, हे उघडून बघावंच लागतं.

ठाम आवाजातल्या चुकीची किंमत काय, ह्याचं एक उदाहरण मी वर्गात नेहमी सांगते. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी जुन्या निकालांचे दाखले दिले. त्यातले सहा निकाल अस्तित्वातच नव्हते, चॅटजीपीटीने रचलेले होते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड केला. वकिलांना वर्षानुवर्षांचा अनुभव होता, तरी मूळ निकाल उघडून बघायचं राहून गेलं. मुलांना ही गोष्ट लगेच कळते, कारण संदर्भसूचीत न वाचलेली पुस्तकं घालायची सवय आपल्याकडे एआयच्या फार आधीपासून आहे.

दुसरी पायरी: घाम कुठे गाळायचा ते कामाच्या कागदावरच लिहा

'एआय वापरू नका' अशी एक सूचना फलकावर लावून काही होत नाही. 'जबाबदारीने वापरा' ही तर त्याहून निरुपयोगी, कारण तिचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो. आपण ठरवायचं ते वेगळंच आहे: ह्या कामातून विद्यार्थ्याच्या अंगात काय उतरलं पाहिजे? तेवढा भाग त्याने स्वतःच करायचा. बाकीच्या भागात मदत चालेल.

ही काळजी नुसती जुन्या वळणाच्या शिक्षकांची नाही. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत जवळजवळ हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला. साधा चॅटबॉट हाताशी असलेल्या मुलांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तीच मुलं कधीच चॅटबॉट न वापरलेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या गटाला मात्र थेट उत्तर न देता इशारे देणारा चॅटबॉट दिला होता. त्यांची सरावातली झेप १२७ टक्क्यांची होती आणि परीक्षेत ती मागे पडली नाहीत. साधन तेच, फरक पडला तो उत्तर हातात मिळालं की शोधावं लागलं ह्याने. माझी सगळी पद्धत ह्या एका निरीक्षणाभोवती उभी आहे.

मी आता प्रत्येक कामाच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात तीनपैकी एक शब्द लिहिते: बंद, मर्यादित किंवा खुलं. 'बंद' म्हणजे वर्गात, माझ्यासमोर, कागद-पेन. 'खुलं' म्हणजे हवं ते वापरा, पण निकालाची जबाबदारी तुमची. सिडनी विद्यापीठाने अशाच विचाराने मूल्यमापन दोन भागांत वाटलं आहे, एक देखरेखीखालचं आणि दुसरं खुलं. मधला प्रकार त्यांना नको वाटतो, कारण घरी बसून कुणी मर्यादा पाळली का हे तपासता येत नाही. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. तरी मी 'मर्यादित' ठेवला आहे. आपल्या मुलांना साधन अर्ध्यावर थांबवायची सवय लागायला हवी, आणि ती सांगितल्याशिवाय लागत नाही. एवढंच की मर्यादित कामाला मी गुण कमी ठेवते आणि त्यावर तोंडी प्रश्न नक्की विचारते.

'मर्यादित' लिहिलं तर मर्यादा एका वाक्यात सांगा. माझ्या रोजगार हमीच्या प्रकल्पावर आता असं छापलेलं असतं:

'किमान दोन माणसांशी स्वतः बोला आणि त्यांचे शब्द वहीत लिहा. हे काम एआयला देता येणार नाही. पहिला मसुदा स्वतः लिहा. त्यानंतर शुद्धलेखन तपासणे, इंग्रजी मजकूर समजून घेणे आणि मसुद्यातल्या उणिवा विचारणे यासाठी एआय वापरू शकता. नवे परिच्छेद त्याच्याकडून लिहून घेऊ नका.'

तिसरी पायरी: गुण शेवटच्या प्रतीवरून उचलून वाटेवर ठेवा

ही पायरी सगळ्यांत कष्टाची आणि सगळ्यांत परिणामकारक. छापील प्रकल्पाला २० पैकी २० गुण असतील, तर छापील प्रकल्प कसाही मिळवायचा मोह होणारच. चॅटजीपीटी नव्हता तेव्हा तो महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळायचा, नाव आणि हजेरी क्रमांक बदलला की झालं. म्हणून मी २० गुण असे वाटले: क्षेत्रभेटीची वही ६, हस्तलिखित पहिला मसुदा ४, अंतिम प्रत ५, तोंडी ५.

वहीला सर्वाधिक गुण आहेत हे कळलं की मुलं घराबाहेर पडतात. ग्रामपंचायतीत जातात, गावात योजनेची कामं बघणाऱ्या रोजगार सेवकाला गाठतात, आजीजवळ बसतात. वहीत खाडाखोड असते, चहाचा डाग असतो, 'इथे आजोबा चिडले' अशी नोंद असते. ती वही तपासताना मला आनंद होतो, आणि हे मी मुलांना सांगते.

तोंडी परीक्षेला वेळ कुठून आणायचा, हा सहकाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो. हिशेब करू. ६४ विद्यार्थी, प्रत्येकी ४ मिनिटं, म्हणजे २५६ मिनिटं. ४८ मिनिटांचे सहा तास. पूर्वी प्रकल्प घरी नेऊन वाचण्यात ह्याहून जास्त वेळ जायचा. आता अंतिम प्रत मी भरभर चाळते आणि खरं मूल्यमापन समोरासमोर होतं. वर्ग १२० चा असेल तर हे जमणार नाही. तिथे तिघातिघांचे गट करा, पण प्रत्येकाला निदान एक प्रश्न स्वतंत्र विचारा.

प्रश्न पाठांतराचे नकोत. मी हे चार फिरवून विचारते: प्रकल्पातलं हे वाक्य तुझ्या घरच्यांना समजावायचं तर कसं सांगशील? कुठल्या माणसाच्या बोलण्याने तुझं आधीचं मत बदललं? हा आकडा कुठून घेतला, ते पान दाखव. आणखी पंधरा दिवस मिळाले असते तर काय शोधलं असतंस? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्याने खरंच काम केलं आहे त्यालाच देता येतं. इतरांचं 'अजून माहिती गोळा केली असती' ह्यावर थांबतं.

चौथी पायरी, विद्यार्थ्यांसाठी: आधी आपलं, मग यंत्राचं

आता थेट तुमच्याशी बोलते, कारण वापरणारे तुम्ही आहात.

क्रम उलटा होऊ देऊ नका. कोरं पान समोर असताना आधी एआय उघडला, तर त्याचा सांगाडा डोक्यात बसतो आणि मग दुसरं काही सुचत नाही. आधी वीस मिनिटं स्वतः लिहा. मोडकंतोडकं, अर्धं इंग्रजी, अर्धं घरच्या बोलीतलं, कसंही. मग त्याला कामाला लावा, आणि कामाला लावताना काय करायचं नाही तेही सांगा. वर्गात चाललेल्या काही सूचना अशा:

'मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र शिकते. मला मागणीची लवचिकता समजली आहे का ते तपासायचं आहे. व्याख्या सांगू नकोस. कांदा आणि सोनं ही उदाहरणं घेऊन मला एका वेळी एकच प्रश्न विचार. उत्तर चुकलं तर बरोबर उत्तर लगेच देऊ नकोस, कुठे चुकलं त्याचा इशारा दे.'

'हा माझा मसुदा आहे. भाषा बदलू नकोस. कुठलं विधान पुराव्याशिवाय केलं आहे आणि कुठे वाचणाऱ्याला शंका येईल, तेवढंच सांग.'

'फक्त शुद्धलेखन दुरुस्त कर. शब्द बदलू नकोस, वाक्यं जोडू नकोस. काय काय बदललंस त्याची यादी खाली दे.'

तिसरी सूचना दिली तरी ते कधी कधी शब्द बदलतंच. म्हणून यादी मागायची आणि मूळ मजकुराशी ताडून बघायची.

पडताळणीचा नियम सोपा आहे. उत्तरातलं प्रत्येक नाव, साल, आकडा आणि पुस्तकाचं शीर्षक पेन्सिलीने अधोरेखित करा. त्यातलं जे मूळ जागी सापडेल तेच प्रकल्पात घ्या. रोजगार हमीचंच बघा. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ पासून. केंद्राचा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा २००५ चा. नावं जवळची असल्याने दोन्हींच्या तरतुदी एकमेकांत मिसळायला वेळ लागत नाही. माणसांचीही गल्लत होते, यंत्राचीही होते. १९७० च्या दशकातल्या कामाबद्दल लिहिताना १०० दिवसांची हमी आली, की समजायचं २००५ चा कायदा मागच्या दाराने आत आला आहे.

शोधायचं कुठे? मराठी विश्वकोशाचे खंड ऑनलाइन विनामूल्य आहेत. राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी प्रसिद्ध होते आणि ती मराठीतही असते. प्रबंध बघायचे तर इन्फ्लिबनेटचं शोधगंगा भांडार आहे. आणि महाविद्यालयाचं ग्रंथालय. ग्रंथपालाला विषय सांगितला की पाच मिनिटांत जे पुस्तक हाती येतं ते तासभर मोबाइल चाळून सापडत नाही, हा माझा आजवरचा अनुभव आहे.

पाचवी पायरी: मराठीत शिकणाऱ्यांनी भाषेकडे जास्त बारकाईने बघायचं

ह्या भागावर मी रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडे एआयचा सगळ्यांत मोठा उपयोग आणि सगळ्यांत मोठा तोटा दोन्ही इथेच आहेत.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांपुढे पदवीला इंग्रजी संदर्भग्रंथांची भिंत उभी राहते. इंग्रजीतला शोधनिबंध परिच्छेद-परिच्छेदाने समजून घ्यायला आता कुणी तरी सोबत आहे, रात्री अकरालाही आहे आणि 'एवढंही कळत नाही?' असं म्हणत नाही. ही मोठी गोष्ट आहे. ह्या वापराला जो शिक्षक कॉपी म्हणतो तो इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलाला आयता फायदा करून देतो. मी ह्या वापराला नेहमीच मुभा देते.

पण परतीच्या वाटेवर जपा. एआयला शिकवताना वापरलेल्या मजकुरात इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर फारच थोडा असतो, आणि देवनागरी लिपी हिंदीचीही असल्याने हिंदी शब्द मराठी वेशात येतात. 'चलनवाढ' किंवा 'भाववाढ' च्या जागी 'मुद्रास्फीती', 'गुंतवणूक' च्या जागी 'निवेश', 'लोकसंख्या' च्या जागी 'जनसंख्या'. हे निदान डोळ्यांना खटकतात. खरा धोका दिसायला मराठी असलेल्या शब्दांचा. हिंदीत 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती; राज्यशास्त्राच्या प्रकल्पात 'संविधान संशोधन' आलं तर मराठी वाचणाऱ्याला ते संविधानावरचं संशोधनकार्य वाटेल. आपला शब्द घटनादुरुस्ती. 'शिक्षा' हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. पारिभाषिक शब्दाची शंका आली की राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश बघा, तेही ऑनलाइन आहेत.

दुसरा तोटा त्या वहीवाल्या मुलीचा. यंत्र सरासरी भाषा लिहितं. नगरकडची, वऱ्हाडातली, कोकणातली माणसं ज्या शब्दांत बोलतात ते शब्द त्याला चुकीसारखे दिसतात आणि ते गुळगुळीत करून टाकतं. 'सुकडी' ह्या एका शब्दात दुष्काळी कामांवर सरकारने मजुरांना कसं जगवलं हा इतिहास आहे. 'पोषण आहार' लिहिलं की तो पुसला जातो. म्हणून नियम असा केला आहे: मुलाखतीतले बोल अवतरणचिन्हांत, जसेच्या तसे. त्यांना एआयचा हात लागता कामा नये. शिक्षकांनीही इथे मन मोठं करावं. बोलीतलं, थोडं अशुद्ध पण स्वतःचं वाक्य लिहिणाऱ्याचे गुण आपण शुद्धलेखनावर कापत राहिलो, तर मुलं यंत्राकडेच जाणार. वर्षानुवर्षं तसं करत आलेल्यांत मीही आहे, आणि आता ते थांबवलं आहे.

सहावी पायरी: वापर सांगायला जागा द्या

प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर एक छोटी चौकट ठेवा. कोणतं साधन, कशासाठी, त्यातलं काय ठेवलं, काय टाकलं, काय तपासलं. चार-पाच ओळी पुरतात. संवादाची प्रत जोडायला सांगायची तर फक्त खुल्या कामाला सांगा. नाही तर कागदांचा ढीग होतो आणि वाचत कुणीच नाही. वापर सांगितला म्हणून गुण कापणार नाही हे तोंडाने सांगा आणि पाळा. एकदा जरी कापलेत, तरी पुढच्या सत्रात सगळ्या चौकटींत 'एआय वापरला नाही' असंच येईल.

संशोधन करणाऱ्यांसाठी हे जास्त काटेकोर आहे. प्रकाशनातल्या सचोटीसाठी काम करणाऱ्या कोप ह्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२३ मध्येच स्पष्ट केलं की एआय साधन लेखक म्हणून लावता येत नाही, कारण ते मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही. वापर असेल तर लेखात सांगायचा. पीएच.डी. करणाऱ्यांची आणखी एक गल्लत मला सतत दिसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांतले टक्के हे साम्याचे, म्हणजे इतरांच्या मजकुराशी जुळण्याचे आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० ला सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचं, ४० ते ६० ला एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द. एआयने लिहिलेल्या मजकुराचं साम्य शून्यही येऊ शकतं, कारण तो कुठूनही शब्दशः उचललेला नसतो. तेव्हा 'माझा अहवाल ४ टक्के आला' हा एआय न वापरल्याचा पुरावा होत नाही, आणि एआय डिटेक्टरने, म्हणजे मजकूर एआयचा आहे का ते ओळखू पाहणाऱ्या साधनाने, दाखवलेले टक्के ह्या तक्त्यात बसवून शिक्षा देणंही चूक आहे.

सातवी पायरी: संशय आला तर

डिटेक्टरवर विसंबू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये ओळखयंत्र काढलं होतं. ते एआयच्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के मजकूर पकडायचं आणि माणसाने लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकुरावर खोटा आळ घ्यायचं. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी ते मागे घेतलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल ह्या इंग्रजी भाषेच्या परीक्षेतले ९१ निबंध सात डिटेक्टरना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे म्हणून दाखवले गेले. कारण समजण्यासारखं आहे: परक्या भाषेत लिहिणारा मोजके, सरळ शब्द वापरतो आणि डिटेक्टरला तेच यंत्रासारखं वाटतं. आपली मुलं इंग्रजीत लिहितात तेव्हा ती नेमकी ह्याच रांगेत उभी असतात. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये असं साधन बंद करताना साधा हिशेब मांडला: आदल्या वर्षी ७५,००० लेख तपासले गेले होते, चूक फक्त १ टक्का धरली तरी ७५० निबंधांवर खोटा ठपका आला असता. आपल्याकडेही २०२४ मध्ये उत्तर भारतातल्या एका विधी शाखेच्या विद्यार्थ्याने, उत्तर एआयचं ठरवून नापास केल्याबद्दल, पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात दाद मागितली होती.

मग करायचं काय? विद्यार्थ्याला एकट्याला बोलवा, वर्गासमोर कधीच नाही. आरोपाने सुरुवात करू नका. 'हा भाग कसा लिहिलास ते सांग' म्हणा. वही, मसुदा, फाइलचा बदलांचा इतिहास बघा. तोंडी दोन-तीन प्रश्न विचारा. तरीही समाधान झालं नाही, तर तोच प्रश्न समोर बसून कागदावर सोडवायला द्या आणि गुण त्याला द्या. बहुतेक वेळा इथेच प्रकरण मिटतं. शिक्षेची गरज पडली, तर ती विभागातल्या किमान दोन शिक्षकांनी ऐकून, विद्यार्थ्याचं म्हणणं लेखी घेऊन ठरवावी. एकट्याच्या संशयावर कुणाचं वर्ष वाया जाता कामा नये.

आठवी पायरी: काय टाकायचं नाही

विद्यार्थ्यांची नावं, पीआरएन (कायम नोंदणी) क्रमांक, गुणतक्ते, जातीचे दाखले, उत्तरपत्रिकांचे फोटो कुठल्याही सार्वजनिक चॅटबॉटमध्ये टाकू नका. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झाला आहे. आणि कायदा नसता तरी मुलांनी ही माहिती आपल्याकडे विश्वासाने दिलेली असते. विद्यार्थ्यांनी मुलाखतींच्या बाबतीत तेच पाळायचं: नाव बदला, जमिनीचा गट नंबर, फोन, आजार, कर्ज वगळा, आणि ज्यांच्याशी बोललात त्यांना आधी विचारा. आजीने नातीला सांगितलं, कंपनीला नाही.

पैशांचाही विचार करा. सशुल्क साधन असलेल्या आणि घरात एकच मोबाइल असलेल्या मुलात दरी पडते. म्हणून एआय अनिवार्य असलेलं काम मी संगणक कक्षातच करून घेते, आणि बाकी प्रत्येक कामात एआयला हात न लावता पूर्ण गुण मिळू शकतील हे बघते.

नववी पायरी: हाच नियम आपल्याला

प्रश्नसंचाचा कच्चा मसुदा, एकाच संकल्पनेची पाच उदाहरणं, गुणदान तक्त्याची पहिली मांडणी ह्यासाठी मी एआय वापरते आणि वर्गात सांगते. बहुपर्यायी प्रश्नांत दोन पर्याय बरोबर निघण्याचे प्रकार होतात, त्यामुळे प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवल्याशिवाय छापत नाही. गुण मात्र त्याच्याकडून देववत नाही. मुलाने रात्र जागून लिहिलेलं कुणी माणसाने वाचायलाच हवं. आपण न वाचता गुण देणार असू, तर त्याने स्वतः लिहावं असं म्हणायचा अधिकार आपल्याला राहत नाही.

विभागाचा नियम एका पानाचा करा, सत्राच्या पहिल्या आठवड्यात मुलांसोबत वाचा, सत्र संपताना त्यांनाच विचारून बदला. साधनं दर काही महिन्यांनी बदलतात. अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीची वाट बघत बसलो तर नियम कायम मागे राहील.

त्या मुलीला मी तेव्हा एक आठवडा वाढवून दिला होता. आजीची दहा पानं तिने परत घेतली, सगळा प्रकल्प पुन्हा लिहिला आणि शेवटच्या पानावर, कुणी सांगितलं नसताना, चार ओळी घातल्या. माझ्या चौकटीचा नमुना तिथूनच आला आहे:

'आजीशी मी स्वतः बोलले आणि वही स्वतः लिहिली. १९७७ च्या कायद्याचा इंग्रजी मजकूर समजत नव्हता म्हणून चॅटजीपीटीला विचारला, नंतर मूळ कायदा ग्रंथालयात वाचला. शुद्धलेखन त्याच्याकडून तपासून घेतले. त्याने सुकडीचा पोषण आहार केला होता, मी परत सुकडी लिहिले आहे.'